पिशवीतली हवा काढली म्हणून खवा टिकत नाही

व्हॅक्यूम पॅकिंगचं मशीन आता मराठवाड्यात कुठेही दिसतं. खव्याच्या दुकानात दिसतं, मसाल्याच्या गिरणीत दिसतं, बचत गटाच्या खोलीत शिलाई मशीनच्या शेजारी ठेवलेलं दिसतं, आणि ह्यात वाईट काहीच नाही, उलट आपल्याकडच्या बाया आणि पोरं काहीतरी बनवून थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला विकतायत ह्याचा मला मनापासून आनंद आहे. पण मशीनसोबत एक समजूत पण आलीय. हवा काढली की माल टिकला. ओला असो, कोरडा असो, दुधाचा असो, भाजीचा असो, पिशवी मालाला गच्च चिकटली की पुढचे दोन-तीन महिने काळजी नाही.

हे खरं नाही. काही पदार्थांच्या बाबतीत तर अगदी उलटं आहे, हवा काढल्यामुळे तो पदार्थ उघडा ठेवला असता त्यापेक्षा जास्त धोक्याचा होतो, आणि धोका पण पोट बिघडण्याचा नाही, जीव जाण्याचा आहे. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की जो पदार्थ ओलसर आहे आणि आंबट नाही, तो हवा काढून साध्या तापमानाला विकायला परवानगीच नको. आणि ज्या योजनांमधून ही मशीनं अनुदानावर दिली जातात, त्यांनी पदार्थाची तपासणी झाल्याशिवाय मशीनचे पैसे सोडू नयेत.

आता हे असं का, ते नीट सांगतो, कारण नुसतं 'धोका आहे धोका आहे' म्हणून कुणी ऐकत नाही आणि ऐकू पण नये.

अन्न खराब करणारे जे जंतू आपल्याला माहीत असतात, म्हणजे बुरशी, चिकटपणा आणणारे, आंबूस वास आणणारे, त्यातल्या बहुतेकांना ऑक्सिजन लागतो. साध्या हवेत 21 टक्के ऑक्सिजन असतो, तो काढला की बुरशी धरत नाही, तेलकट पदार्थ खवट होत नाहीत, किडा जगत नाही. इथपर्यंत सगळं बरोबर. पण काही जंतू असे आहेत की ज्यांना ऑक्सिजन हेच विष आहे, हवा असली की ते गप पडून राहतात आणि हवा गेली की वाढायला लागतात. त्यातला सगळ्यात वाईट म्हणजे क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. हा मातीत असतो, जगभरच्या मातीत असतो. तो बीजाणू बनून राहतो, म्हणजे स्वतःभोवती एक जाड कवच करून झोपून राहतो, आणि हे कवच पाणी उकळण्याच्या तापमानाला म्हणजे 100 अंशाला तासन् तास टिकू शकतं. उकळलं म्हणजे मेलं हा हिशोब इथं चालत नाही. त्याला मारायचं तर 121 अंशाची वाफ लागते, दाबाखाली, आणि ती उष्णता मालाच्या पार मधल्या कणापर्यंत पोचून तिथं साधारण 3 मिनिटं टिकावी लागते.

मग होतं असं की आपण पदार्थ शिजवतो, त्यात बाकीचे सगळे जंतू मरतात, हे बीजाणू तेवढे राहतात, वरून आपण हवा काढून देतो. म्हणजे शेजारी कुणी नाही, ऑक्सिजन नाही, ओल भरपूर, खायला भरपूर. आणि तापमान? ह्याची जी नेहमीची जात आहे तिला 35 ते 40 अंश सगळ्यात मानवतं. एप्रिल-मे मधली परभणी किंवा नांदेड डोळ्यांसमोर आणा, तिथं दुपारी बंद खोलीत ठेवलेल्या पिशवीला तेवढं तापमान आयतं मिळतं.

तो वाढला की जे विष तयार करतो ते माहीत असलेल्या विषांमध्ये सगळ्यात जहाल विषांपैकी एक आहे, मायक्रोग्रॅममध्ये मोजावं लागतं इतक्या थोड्यात माणूस जातो. आणि सगळ्यात वाईट भाग हा की कित्येकदा वास येत नाही, चव बदलत नाही, रंग बदलत नाही. पिशवी फुगली तर आपलं नशीब, पण दर वेळी फुगेलच असं नाही. उघड्यावर ठेवलेला खवा खराब झाला की हिरवा होतो, बुरसा येतो, नाकाला कळतं, आपण फेकून देतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची जी परीक्षा होती, वास घेऊन बघ, बोटाला लावून बघ, ती परीक्षा हवा काढलेल्या पिशवीने निकामी केली. हे माझ्या मते सगळ्या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे.

आता कोणी म्हणेल की मग काय सगळंच बंद करायचं का. नाही ना. कमी हवेत माल ठेवणं हे आपल्याला नवीन नाहीच. पेवं होती की आपल्या गावागावात. जमिनीत खोल खड्डा, आतून लिंपलेला, कडबा-भुसा लावलेला, त्यात ज्वारी भरून तोंड बंद. आतली ज्वारी श्वास घेते, ऑक्सिजन संपवते, कार्बन डायऑक्साइड साठतो, किडे मरतात, ज्वारी राहते. आणि पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरायचं नाही, आधी कंदील सोडून बघायचा, विझला तर थांबायचं, हे जुन्या माणसांना पक्कं माहीत होतं कारण उतरलेली माणसं गुदमरून मेलेली त्यांनी पाहिली-ऐकली होती. म्हणजे हवा नसलेल्या जागेचा फायदा पण माहीत होता आणि धोका पण. आणि त्यात ठेवायचे काय, तर खडखडीत वाळलेली ज्वारी. ओली ज्वारी पेवात कुणी भरली नसती.

तोच नियम आजच्या पिशवीला लागू आहे. तूरडाळ, ज्वारी, हळद, शेंगदाण्याची कोरडी चटणी, कडक भाकरी, चिवडा, पापड, ह्यांच्यात पाणीच इतकं कमी असतं की बोट्युलिनम काय, दुसरं पण फारसं काही वाढत नाही. इथे व्हॅक्यूम करा, नायट्रोजन भरा, लोखंडाच्या भुकटीची ती छोटी पुडी टाका जी आतला उरलासुरला ऑक्सिजन शोषून घेते, सगळं उत्तम. शेंगदाणा खवट होत नाही, डाळीत पोरकिडे होत नाहीत, औषधी गोळ्या टाकायची गरज राहत नाही. मला तर वाटतं लातूर-धाराशिवच्या डाळीला आणि कडक भाकरीला ह्या पॅकिंगने खरंच चांगले दिवस येऊ शकतात आणि ते यावेत.

तर प्रश्न हवेचा नाहीच, प्रश्न पाण्याचा आणि आंबटपणाचा आहे. पाणी म्हणजे पदार्थात एकूण किती पाणी आहे ते नाही, जंतूला वापरता येईल असं मोकळं पाणी किती आहे ते. त्याचं माप असतं, वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात, शुद्ध पाण्याचं 1 धरतात. हे 0.93 च्या खाली असलं की बोट्युलिनम वाढू शकत नाही, 0.85 च्या खाली असलं की बाकीचे पण रोगजंतू जवळपास सगळे थांबतात. मीठ आणि साखर हे मोकळं पाणी बांधून ठेवतात म्हणून खारवलेलं आणि पाकातलं टिकतं. आंबटपणाचं माप पीएच, ते 4.6 च्या खाली असलं, म्हणजे पदार्थ पुरेसा आंबट असला, की हा जंतू विष तयार करू शकत नाही. हे दोनच आकडे आहेत. ज्याला ओला पदार्थ पिशवीत भरून विकायचाय त्याला आपल्या पदार्थाचे हे दोन आकडे माहीत पाहिजेत. आणि मी जितक्या लोकांशी बोललो, त्यांना मशीनची किंमत, मायक्रॉन, पिशवीचा भाव, जीएसटी सगळं तोंडपाठ होतं, हे दोन आकडे कुणी सांगितलेच नव्हते त्यांना. त्यांचा दोष नाही. मशीन विकणाऱ्याने सांगितले नाहीत, अनुदान देणाऱ्याने विचारले नाहीत.

आता खव्याकडे येतो. धाराशिव जिल्ह्यातला भूम तालुका, कुंथलगिरी, त्याच्या आजूबाजूचा सगळा डोंगराळ पट्टा, इथला खवा आणि पेढा सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. दुष्काळी भाग, शेतीत काही उरत नाही, म्हणून दूध आणि दूध डेअरीपर्यंत नेण्यापेक्षा जागेवरच आटवलेलं बरं म्हणून खवा. भट्टीवर मोठी कढई, धुराने काळी झालेली भिंत, आणि एक माणूस सारखा उलथन्याने तळ खरवडतोय, एक मिनिट हात थांबला की खवा लागला. ही मेहनत बघितली की ह्या धंद्याबद्दल वाकडं बोलायची इच्छा होत नाही. पण खवा म्हणजे काय आहे बघा. पाणी जवळपास एक तृतीयांश, त्यातलं बरंचसं मोकळं. पीएच 6 च्या वर, म्हणजे आंबट अजिबात नाही. मीठ नाही. साखर नाही. आटवताना तापमान उकळीच्या आसपासच राहतं, म्हणजे बीजाणू जिवंत. बोट्युलिनमला जे जे पाहिजे ते सगळं खव्यात आहे, फक्त एकच गोष्ट आड येत होती ती म्हणजे हवा. ती आपण मशीन लावून काढून टाकली.

मागच्या उन्हाळ्यात हायवेवरच्या एका दुकानात मी उभा होतो, समोर एका बाईने विचारलं, दादा पुण्यापर्यंत राहील का हो. दुकानदार म्हणला, पुण्यापर्यंत काय ताई, महिनाभर बघू नका, व्हॅक्यूम आहे. किलोची पिशवी, अशी विटेसारखी घट्ट, फळीवर रचलेली, फ्रिजमध्ये नाही, फळीवर. वर पंखा पण नव्हता. पिशवीवर स्टिकर, त्यावर थंड व कोरड्या जागी ठेवावे. मे महिन्यात त्या हायवेवर थंड जागा कुठाय. त्या दुकानदाराने मुद्दाम फसवलं असं मी म्हणत नाही, त्याचा खरंच विश्वास होता, आणि तेच जास्त काळजीचं आहे.

पेढ्याचं थोडं वेगळं आहे, साखर भरपूर घातलेला, चांगला भाजून कोरडा केलेला पेढा खव्यापेक्षा बराच सुरक्षित, पण मऊ पेढा, कमी गोड पेढा, शुगर फ्री पेढा हे परत खव्याकडेच सरकतात. गुलाबजाम किंवा गाजर हलव्यासाठी खवा घेतला तर तो नंतर परत शिजतो, आणि हे विष उष्णतेला कच्चं आहे, 85 अंशाला 5 मिनिटं पदार्थ आतपर्यंत तापला तर विष नष्ट होतं. बीजाणू मरत नाहीत, विष मरतं. पण खव्याचा गोळा तसाच साखर लावून पोराच्या हातात देण्याची आपली पद्धत आहे, तिथं काही वाचवणारं नाही.

हे नुसतं कागदावरचं नाही, हे झालेलं आहे. 1996 साली इटलीत मास्कारपोने नावाच्या दुधाच्या मऊ चीजमधून बोट्युलिझम, म्हणजे ह्याच विषाने होणारा आजार झाला, 8 जण आजारी, एक पोरगा गेला. ते चीज आपल्या खव्याचं लांबचं भावंडच म्हणायचं, दुधाचं, ओलसर, आंबट नाही, आणि संशय असा की वाटेत कुठंतरी ते थंड राहिलं नाही. अमेरिकेत 1963 साली धुरावलेला मासा व्हॅक्यूम पिशवीत भरून लांब पाठवला, वाटेत थंड ठेवला गेला नव्हता, त्यात माणसं मेली, आणि तिथल्या सरकारला तेव्हापासून ह्या पॅकिंगकडे वेगळ्या नजरेने बघावं लागलं. आपल्या देशात पण आहे. 1996 मध्येच गुजरातमधल्या एका निवासी शाळेतले 34 विद्यार्थी आजारी पडले, त्यातले 3 गेले, संशय होता बेसनाच्या शेवेवर आणि त्याच कुळातला एक जंतू त्यात सापडला.

परदेशात ह्यातून काय नियम केले ते बघण्यासारखं आहे. इंग्लंडमध्ये व्हॅक्यूम केलेला थंड ठेवायचा तयार पदार्थ, ज्यात आंबटपणा, मीठ किंवा पुरेशी उष्णता असं दुसरं काही राखण नाही, तो 3 ते 8 अंशात ठेवून सुद्धा 10 दिवसांच्या वर विकायचा नाही असा दंडक बरीच वर्षं आहे. कारण ह्या जंतूची एक जात फ्रिजमध्ये 3 अंशाच्या वर हळूहळू वाढते. फ्रिजमध्ये 10 दिवस, आणि आपल्या स्टिकरवर फळीवर एक महिना. मला ह्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की झोप लागत नाही.

हुरड्याचं पण तसंच. डिसेंबर-जानेवारीत गूळभेंडी, सुरती, आगटीवर भाजलेला, हातावर चोळलेला हुरडा, त्याच्या जोडीला शेंगदाण्याची चटणी, हे आता शेतातून निघून पिशवीत गेलंय आणि ट्रॅव्हल्सच्या डिकीतून रात्रभर प्रवास करून पुण्यात जातंय. हुरडा म्हणजे दुधाळ कोवळा दाणा, भरपूर ओल, आंबट नाही, शेतातली माती-धूळ लागलेला. भाजताना वरून चटका बसतो, बीजाणू मरण्याइतका नाही. जे लोक हुरडा फ्रीझरमध्ये गोठवून विकतात ते अगदी बरोबर करतायत, उणे 18 अंशाला काहीच वाढत नाही, तिथं पिशवी हवा काढून ठेवा की कशी पण ठेवा. फक्त गिऱ्हाइकाने एवढं करावं की गोठलेली पिशवी ओट्यावर बंद ठेवून वितळवू नये, आधी कोपरा कापावा, मग फ्रिजमध्ये खाली ठेवावी. पण फ्रीझर नाही, बर्फ नाही, नुसती हवा काढलेली पिशवी दोन दिवस प्रवासात आणि आठवडाभर किचनच्या कपाटात, हे मला मान्य नाही.

मशरूमवाल्यांचं एक सांगतो, कारण आता आपल्याकडे पण पोरं धिंगरी आणि बटन मशरूम लावायला लागलीत. मशरूमच्या डब्यावर जी प्लॅस्टिकची फिल्म असते तिला बारीक भोकं असतात, ती चुकून पडलेली नसतात. मशरूम काढल्यानंतर पण श्वास घेत राहतं, बंद डब्यातला ऑक्सिजन काही तासात संपवतं, आणि मातीतून आलेल्या मालात ऑक्सिजन नाही म्हटल्यावर पुढं काय ते वर सांगितलंच. कुणी सुचवलं की गच्च पॅक करा जास्त टिकेल, तर ऐकू नका.

लोणच्याबद्दल बोललं की लोकांना राग येतो, पण बोलायला पाहिजे. आपल्या आज्या लोणच्यावर बोटभर तेल ठेवायच्या, त्यामुळे आपल्याला वाटतं तेलाने लोणचं टिकतं. तेल बुरशीला अडवतं, कारण ते हवा अडवतं, म्हणजे तेल हे पण एक प्रकारचं व्हॅक्यूम पॅकिंगच. आणि तरी कैरीच्या लोणच्याने कुणाला हा आजार होत नाही तो का, तर कैरीचा आंबटपणा आणि मिठाचा मारा. राखण ती करतात. आता बाजारात काय चाललंय, कमी मिठाचं लोणचं, कमी आंबट, आणि वर मोठ्या अक्षरात नो प्रिझर्व्हेटिव्ह. मीठ हेच तर प्रिझर्व्हेटिव्ह होतं. कैरी-लिंबाला एक वेळ कमी मीठ चालून जाईल कारण आंबटपणा शिल्लक आहे, पण लसणाचं लोणचं, हिरव्या मिरचीचा ठेचा, तेलातला लसूण, ह्यात आंबटपणा पण नसतो. कॅनडात 1985 साली व्हँकुव्हरमध्ये एका हॉटेलात तेलातला लसूण फ्रिजबाहेर ठेवलेला होता, त्यातून 36 जणांना बोट्युलिझम झाला. त्यानंतर अमेरिकेत तेलातल्या लसणात आम्ल घालणं सक्तीचं झालं. आपल्याकडे उपाय अवघड पण नाही, ठेच्यात भरपूर लिंबू किंवा व्हिनेगर घाला, पीएच मोजा, 4.6 च्या चांगला खाली आणा, मग पिशवीत भरा. चव थोडी बदलेल. बदलू द्या. नाहीतर ताजा करून दोन दिवसात खा, ठेचा तसाच तर खायचा असतो.

ह्या सगळ्यावर मला नेहमी एकच प्रश्न विचारला जातो, एवढं सांगताय तर मग इथं आजवर कुणी मेलंय का. प्रश्न रास्त आहे. आणि हे पण खरं आहे की हा आजार दुर्मिळ आहे, हजारो पिशव्यांत काही होत नाही. पण इथं मेलं का नाही हे कळणार कसं ते पण बघा. ह्या विषाने पापण्या जड होतात, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसतं, गिळता येत नाही, बोलणं अडखळतं, मग हात-पाय लुळे आणि शेवटी श्वास. शुद्ध मात्र पूर्ण असते, ताप नसतो. मराठवाड्यातल्या कुठल्या पण ग्रामीण दवाखान्यात असा पेशंट पहाटे आणला तर डॉक्टरला आधी काय आठवेल? मण्यार. मण्यार चावलेला माणूस पण असाच येतो, पापण्या मिटलेल्या, कधी पोटात दुखतंय म्हणत, चावल्याची खूण पण धड दिसत नाही. ते नाही तर कीटकनाशकाची विषबाधा, ते नाही तर जीबीएस, म्हणजे हात-पाय लुळे पाडणारा नसांचा आजार, जो पुण्यात 2025 साली जानेवारीत एकदम वाढला म्हणून आता सगळ्यांना माहीत झालाय. डॉक्टर चूक करतात असं मी म्हणत नाही, आपल्या भागात साप चावण्याचं प्रमाण बघता आधी मण्यार आठवणं हेच बरोबर आहे. पण तीन दिवसांपूर्वी काय खाल्लं, कुठल्या पिशवीतलं खाल्लं, हे कोण विचारणार? व्हँकुव्हरच्या त्या 36 जणांमध्ये बहुतेकांचं निदान आधी दुसरंच झालं होतं, तिथं, कॅनडात. त्यात आणखी असं की लक्षणं बहुतेकदा 12 ते 36 तासांनी येतात, कधी कधी काही दिवसांनी. खवा भूमच्या रस्त्यावर घेतला, खाल्ला हडपसरला, आजारी पडला पुण्यात. कुठला धागा कुठं जोडणार. आणि ह्या विषावरचा उतारा प्रत्येक जिल्ह्यात फ्रिजमध्ये ठेवलेला असतो अशी वस्तू नाही, व्हेंटिलेटरवर कित्येक आठवडे काढावे लागतात. म्हणून 'अजून काही झालं नाही' ह्या वाक्यावर मी विसंबू शकत नाही.

सरकारी बाजू बघितली तर दिवाळी-गणपती जवळ आले की अन्न व औषध प्रशासनाच्या धाडी सुरू होतात, इतका इतका किलो भेसळयुक्त खवा जप्त, बातमी येते, फोटो येतो. भेसळ पकडलीच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण त्यामुळे सगळ्यांच्या डोक्यात एकच बसलंय की खवा शुद्ध असला म्हणजे सुरक्षित. शुद्ध म्हशीच्या दुधाचा, एक थेंब भेसळ नसलेला खवा सुद्धा हवा काढून फळीवर ठेवला तर धोक्याचा आहे, जंतूला शुद्ध दूधच जास्त आवडतं. 2006 चा अन्न सुरक्षा कायदा आहे, लायसन्स-रजिस्ट्रेशनचे नियम आहेत, स्वच्छतेची यादी आहे, टोपी घातली का, हातमोजे घातले का, भिंतीला टाइल आहे का. हे सगळं ठीक. पण तुम्ही ओला पदार्थ हवा काढून विकता का, त्याचा पीएच किती, तो कुठल्या तापमानाला ठेवता, हे तीन प्रश्न छोट्या उत्पादकाला कोणी तोंडावर विचारल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

आणि इथेच सगळ्यात जास्त करता येण्यासारखं आहे. 2020 पासून केंद्राची सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांची योजना आहे, प्रकल्पाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत अनुदान. आपल्या आठही जिल्ह्यांत लोकांनी त्यातून मशीनं घेतलीत, चांगली योजना आहे. मग त्या फाइलमध्ये एक कागद वाढवा. मशीनमध्ये काय भरणार, त्या पदार्थाची वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी आणि पीएच ह्यांचा रिपोर्ट. कोरडा किंवा आंबट निघाला तर मशीन मंजूर. ओला आणि बिनआंबट निघाला तर व्हॅक्यूम मशीन एकटं मंजूर करू नका, सोबत डीप फ्रीझर आणि इन्व्हर्टर त्याच प्रकल्पात धरा, कारण आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही आणि फ्रीझर बराच वेळ बंद पडून माल वितळला की सगळी शिस्त वाया. पीएच मीटर स्वस्त आहे, प्रत्येक गटाला घेता येतो. वॉटर अ‍ॅक्टिव्हिटीचा चांगला मीटर एका गटाला परवडत नाही, मग तालुक्याला एक ठेवा, कृषी विज्ञान केंद्रात ठेवा. परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात फूड टेक्नॉलॉजीचं कॉलेज आहे, शिकलेली माणसं आहेत, प्रयोगशाळा आहेत. भूम ते परभणी नमुना पाठवायला कुरिअर एक दिवस घेतं. गटाकडून नाममात्र पैसे घेऊन आठ दिवसात रिपोर्ट, एवढी सोय झाली तर निम्मा प्रश्न मिटतो.

ज्यांना खरंच साध्या तापमानाला ओला पदार्थ विकायचाय, पुरणपोळी किंवा मटणाचा रस्सा, त्यांच्यासाठी रिटॉर्ट पाउच आहे. ती पिशवी वेगळी असते, पॉलिस्टर, अ‍ॅल्युमिनियमची फॉइल आणि आतून पॉलिप्रॉपिलीन, आणि पदार्थ भरून, सील करून, मग पिशवीसकट दाबाच्या वाफेत 121 अंशाला शिजवतात. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने सैन्यासाठी ह्यावर खूप काम केलंय. बरेच जण विचारतात, आमच्या घरच्या कुकरमध्ये पण तेवढंच तापमान होतं, मग? होतं, पण कुकर उघडून, पळीने वाढून पिशवीत भरलं की परत हवेतलं, पळीचं, हाताचं आत गेलं. आधी सील मग उष्णता, हा क्रम आहे. रिटॉर्टचं मशीन महाग, एका गटाचं काम नाही, पण जिल्ह्याला एक सामाईक केंद्र, भाड्याने वापरायला, हे त्याच योजनेत बसतं. आपल्या पुढाऱ्यांनी एखाद्या कमानीचे पैसे इकडे वळवले तर लोक नाव घेतील.

बचत गटाच्या बायांना घाबरवायचं, धाडी टाकायच्या, दंड करायचा, हे मला अजिबात नकोय. एका ताईने मला विचारलं होतं, सर आम्ही मोठ्या कंपनीसारखं सगळं कसं करणार. मोठ्या कंपनीसारखं करायची गरजच नाही. यादीतून दोन-तीन पदार्थ काढून टाका, खवा, हुरडा, ओलं खोबरं घातलेली चटणी, पनीर, उकडलेले दाणे, हे एक तर गोठवून विका नाहीतर ताजे विका. बाकी सगळी कोरडी आणि आंबट यादी मोकळी आहे तुम्हाला. आणि जे थंड ठेवायचं आहे त्याच्यावर थंड व कोरड्या जागी असं गुळमुळीत लिहू नका. पिशवीच्या समोरच्या बाजूला, नावाइतक्याच मोठ्या अक्षरात, मराठीत लिहा, 'फ्रिजमध्येच ठेवा, बाहेर राहिला तर टाकून द्या'. विक्री थोडी कमी होईल ही भीती असते. भूमच्या खव्यातून एकाला जरी हा आजार झाला आणि ते सिद्ध झालं तर त्या दिवसापासून सगळ्या पट्ट्याची भट्टी विझेल, चांगल्याची पण आणि वाईटाची पण, त्यात कुणी निवड करत बसणार नाही.

विकत घेणाऱ्यांनी पण दुकानात विचारावं, दादा फ्रीझरमधली पिशवी आहे का. नसली तर उघडा, आजचा खवा पानात बांधून घ्यावा, त्याच दिवशी घरी जाऊन भाजून फ्रिजमध्ये टाकावा आणि दोन-तीन दिवसात संपवावा.